खिशातील घंटा आणि देवळावरील भोंगा

सकाळचे अकरा वाजलेले असतात. बँकेच्या एखाद्या मध्यम आकाराच्या शाखेत, मग ती इंदूरची असो, बडोद्याची असो की साताऱ्याची, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दहा-बारा ग्राहक आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसलेले असतात. कोपऱ्यात पासबुकाच्या छपाईयंत्राची करकर चालू असते. एवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर बारीकसा ‘टिंग’ असा आवाज होतो आणि क्षणार्धात पाच हात पाच खिशांकडे जातात. निरोप आलेला असतो एकालाच. उरलेले चौघे, ज्यांना काहीही आलेले नाही, तेही पडदा उजळवून एकदा पाहून घेतात. आणि फोन हातात आलाच आहे तर म्हणून आणखी थोडे पाहतात. दरम्यान फलकावरील क्रमांक बदलतो. काउंटरवरील कर्मचारी भगिनी दोनदा पुकारा करतात. ज्यांचा क्रमांक आहे ते गृहस्थ मान वर करीपर्यंत पुढच्या बाई काउंटरपाशी पोहोचलेल्या असतात. तक्रार मात्र बँकेच्या संथ कारभाराची होते!

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अशाच खुर्च्यांवर बसलेल्या माणसाच्या हातात पितळेचे गोल टोकन असे. रोखपाल आपला आकडा पुकारीपर्यंत ते टोकन या बोटावरून त्या बोटावर फिरत राही. मुदत ठेवींच्या व्याजदरांचा फलक तीन-तीनदा वाचून होई. मग शेजारच्याकडे पाहून ‘आपण मूळचे कुठले?’ असा प्रश्न निघे आणि बोलता बोलता दोघांचे आजोळ एकाच तालुक्यातले निघे. त्या रांगांचे गोडवे कुणी गावेत असे मुळीच नाही. त्या कंटाळवाण्याच होत्या, आणि पैसे काढण्यात अर्धा दिवस गेल्याची हळहळ खरीच होती. परंतु त्या कंटाळ्यात एक मोकळी जागा होती. एक काम संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीचा, प्रश्न ऐकून उत्तर देण्यापूर्वीचा तो मधला क्षण माणसाच्या स्वतःच्या मालकीचा होता. स्मार्टफोनने माणसाचा वेळ खाल्ला, असे सर्रास म्हटले जाते. बारकाईने पाहिले तर त्याने प्रथम खाल्ला तो हा मधला क्षण.

थांबण्याची सवय

दूरध्वनी आणि प्रतीक्षा यांचे नाते आपल्या देशात फार जुने आहे. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा काळ आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि तो लागेपर्यंत घरातील सर्व मंडळी त्या काळ्या यंत्राभोवती बसून राहत. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्यांचा क्रमांक ‘पीपी’ म्हणून देत. मग जिन्यावरून हाक येई, आणि हातातले पीठ तसेच घेऊन गृहिणी शेजारच्या दारात धावत जाई. पुढे नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ आली. रात्री उशिरा दर कमी होत म्हणून जेवणे उरकून लोक तेथे रांग लावीत, आणि यंत्रावरील लाल आकडे पळताना पाहून एकेक वाक्य मोजून बोलत.

हातात धरून रस्त्याने चालता चालता बोलता येईल अशा फोनवरून पहिला संवाद साधला तो मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी, न्यूयॉर्क शहरात, ३ एप्रिल १९७३ रोजी. गंमत अशी की तो फोन त्यांनी घरी केला नाही. प्रतिस्पर्धी असलेल्या बेल प्रयोगशाळेतील जोएल एंगल यांना केला. आपण पुढे गेलो आहोत हे कळवण्यासाठी. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि येथील युगास प्रारंभ झाला. शासकीय मराठीने त्या वस्तूला ‘भ्रमणध्वनी’ असे भारदस्त नाव दिले. लोकांनी मोबाइल म्हटले आणि आता नुसते फोन म्हणतात.

आरंभीच्या काळात येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ही आकारणी २००३ मध्ये थांबली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे ‘मिस्ड कॉल’ नावाची एक विलक्षण भाषा नांदत होती. एकदा वाजला तर सुखरूप पोहोचलो, दोनदा वाजला तर खाली ये, तीनदा वाजला तर काही तरी गडबड आहे. हे संकेत घराघरांत ठरलेले असत. एक पैसाही खर्च न करता निरोप पोहोचवणारी ही युक्ती म्हणजे भारतीय काटकसरीचे अपत्यच होय, आणि खात्यातील शिल्लक कळावी म्हणून बँकांनीही ती उचलली. सांगायचे इतकेच की तेव्हा फोन वाजण्यामागे कुणाचे तरी ठरवलेले काम असे. वाजला नाही, तर त्याच्याकडे पाहण्याचे कारण नसे.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन जगापुढे ठेवला. तरी आपल्या सामान्य घरांत खरा पालट झाला तो सप्टेंबर २०१६ नंतर, रिलायन्स जिओच्या आगमनाने इंटरनेटचे दर कोसळले तेव्हा. ‘रोज एक जीबी’, ‘रोज दीड जीबी’ अशी परिमाणे भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी आली. बचतीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाची या योजनेने मोठी मजेदार कोंडी केली. बँकेत न वापरलेला रुपया उद्यासाठी शिल्लक राहतो, वर व्याजही मिळवतो. येथे न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. ‘पैसे भरले आहेत, फुकट कशाला घालवायचा?’ या विचाराने रात्री साडेअकराला पाककृतींची चित्रफीत पाहणारे आजोबा अनेक घरांत सापडतील. ज्यांनी उभ्या आयुष्यात एक दिवा विनाकारण जळू दिला नाही, त्यांची झोप अशी काटकसरीपायी उणावली.

‘कदाचित’चे यंत्र

तरीही एवढ्याने त्या बँकेतल्या पाच हातांचा उलगडा होत नाही. ज्यांना निरोप आला नव्हता त्यांनी फोन का पाहिला? कारण निरोप आला नव्हता हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘कदाचित’ आला असेल.

या ‘कदाचित’चे सामर्थ्य अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून फार पूर्वी दाखवून दिले होते. चार्ल्स फर्स्टर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला या विषयावरील जाडजूड ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटीतील कबुतराने एका कळीवर चोच मारली की दाणा मिळे. ठरावीक संख्येने टोचल्यावर दाणा मिळणार असेल, तर तो मिळाल्यावर कबुतर थोडे थांबे, उसंत घेई आणि मग पुन्हा कामाला लागे. परंतु दाणा कधी चौथ्या टोचणीला, कधी चाळिसाव्या, कधी लागोपाठ दोनदा असा अनियमित मिळू लागला की कबुतराची उसंत जवळजवळ नाहीशी होई. ते न थांबता टोचत राही; आणि पुढे दाणे देणे बंद केले तरीही कितीतरी वेळ टोचणे सोडत नसे. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे मन याच तत्त्वावर चालते. दहा निरोपांत नऊ जाहिरातींचे असतात. दहावा मुलीच्या प्रवेशाचा किंवा नातवाच्या पहिल्या पावलाचा असतो. तो दहावा नेमका केव्हा येईल हे सांगता येत नाही, म्हणून दहाही वेळा हात खिशाकडे जातो. नऊ निरोप निरर्थक असतात त्यामुळे सवय सुटत नाही, उलट त्यामुळेच ती जडते.

दुसरी युक्ती पडद्याच्या रचनेत आहे. पूर्वी संगणकावरील पान खाली संपे आणि ‘पुढील पान’ असे लिहिलेल्या जागी कळ दाबावी लागे. पान कधी संपूच नये, खाली सरकवताच नवा मजकूर आपोआप येत राहावा, ही पद्धत २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने साकारली. हेतू वाचकाची सोय हा होता. पुढे या सोयीने लोकांचे किती तास गिळले हे पाहून त्याच रास्किन यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे पोथी वाचणाऱ्यांना याचे मर्म चटकन कळेल. अध्याय संपला की तसे स्पष्ट लिहिलेले असते. वाचणारा पोथी मिटतो, डोळ्यांवरचा चष्मा काढतो, उरलेले उद्या असे ठरवतो. वर्तमानपत्रालाही शेवटचे पान असते. ज्या पुस्तकाला अध्यायच नाहीत आणि शेवटही नाही ते कुठे मिटायचे, याचा निर्णय दर क्षणी वाचणाऱ्याला स्वतःच्या बळावर घ्यावा लागतो. रात्री अकरानंतर हे बळ फारसे उरलेले नसते.

यात भर पडली ती मानपानाची. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निरोप वाचला गेल्याची खूण म्हणून दोन निळ्या रेघा दाखवण्यास सुरुवात केली. एके काळी लग्नघरात आहेराच्या साडीवरून जे रुसवेफुगवे होत, ते आता या दोन रेघांवरून होतात. ‘वाचलेस ना? मग उत्तर का नाही?’ असा प्रश्न एकाच घरातील जावा-जावा एकमेकींना विचारतात. आत्याबाईंच्या रोजच्या ‘शुभ सकाळ’ला गुलाबाचे चित्र परत पाठवले नाही तर पुढच्या गणपतीत त्याची आठवण निघते! यंत्राने केवळ खूण केली. तिला कर्तव्याचे रूप माणसांनी दिले.

शरीराने शिकलेली गोष्ट

सवय मनात असते तोवर ती सोडण्याचा संकल्प तरी करता येतो. फोनची सवय शरीरात उतरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका रुग्णालयात डॉक्टर व कर्मचाऱ्यांकडे केलेली एक पाहणी २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. खिशातील पेजर किंवा फोन थरथरलेला नसतानाही तो थरथरल्याचा भास होतो, असे त्यांतील ६८ टक्के जणांनी सांगितले. कापडाची घडी हलली, स्नायू किंचित फडफडला, की मेंदू त्याचा अर्थ ‘फोन’ असा लावून मोकळा होतो. दाराची कडी वाजल्याचा भास लेकाची वाट पाहणाऱ्या आईला होतो, हे लोकांना ठाऊक होते. येथे वाट कुणाची पाहिली जाते आहे हे मात्र सांगता येत नाही.

टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही बराच गाजला. काही जणांचे फोन समोरच्या टेबलावर पालथे, आवाज बंद करून ठेवले आणि काही जणांचे दुसऱ्या खोलीत. मग सर्वांना एकाग्रतेची कामे दिली. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांनी ती अधिक चांगली केली. फोन पाहायचा नाही, हे स्वतःला बजावण्यातच मनाची थोडी शक्ती खर्च होत असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतर इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘व्यसन’ हा शब्द वापरतानाही असाच संयम हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, संगणकीय खेळांच्या विकाराला स्थान मिळाले आहे; स्मार्टफोनच्या अतिवापराला असे स्वतंत्र नाव तिने दिलेले नाही. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या संस्थेने तंत्रज्ञानाच्या आरोग्यपूर्ण वापरासाठी २०१४ मध्ये खास चिकित्सालय सुरू केले, यावरून काही जणांचा त्रास किती खरा आहे हे कळते. परंतु फोनमध्ये डोके घातलेला प्रत्येक जण रोगी नव्हे. बाजारभाव पाहणारा द्राक्षबागाईतदार, अमेरिकेतील नातवाला पडद्यावर ओवाळणारी ग्वाल्हेरची आजी, कारखान्याच्या हंगामात फडावर गेलेल्या आईबापांशी बोलणारी वसतिगृहातली पोर, यांच्या हातून तो फोन काढून घ्यावा असे कोण म्हणेल? दुखणे फोन हातात असण्याचे नाही. हात आणि फोन यांच्यामध्ये विचाराला जागा न उरण्याचे आहे.

पुढे पाठवण्यापूर्वी

ती जागा नाहीशी झाली की काय होते, याचे एक भीषण उदाहरण महाराष्ट्राच्या उरावर कोरलेले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. ज्यांनी त्या पुढे पाठवल्या त्यांतील बहुतेकांना कुणाचे वाईट करायचे नव्हते. आपल्या भाच्या-पुतण्यांची काळजी होती. निरोप आला, छाती धडधडली, अंगठा हलला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. मुले पळवणारे हेच, अशा संशयाने जमावाने त्यांना घेरले आणि ठार मारले.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यावर बंधन आणले, आणि चित्रांच्या शेजारी असलेली चटकन पुढे ढकलण्याची कळही काढून टाकली. २०१९ च्या जानेवारीत हीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरत आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. त्यानंतर अशा निरोपांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. हे सारे बदल किती किरकोळ आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. कुणाचे तोंड बंद केलेले नाही. ज्याला पाठवायचेच आहे तो पुनःपुन्हा पाठवू शकतो. फक्त मध्ये दोन-चार सेकंदांचा खोळंबा घातला, आणि तेवढ्या अवधीत असंख्य लोकांना पाठवावेसे वाटेनासे झाले.

दिवेलागणीचा भोंगा

यंत्राने यंत्रावर घातलेले हे बंधन झाले. सांगली जिल्ह्यातील एका गावाने ते स्वतःच स्वतःवर घालून घेतले.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे, उसाच्या पट्ट्यातील गाव. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि ज्या फोनला मुलांनी हात लावू नये म्हणून आईबाप दक्ष असत, तोच फोन वर्ग भरवण्यासाठी त्यांच्या हाती द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन परत आला नाही. मुले वाचायला-लिहायला कंटाळतात, शाळेपूर्वी आणि शाळेनंतर फोनमध्येच गुंतलेली असतात, असे शिक्षकांच्या ध्यानात आले. बहुतेक घरांत अभ्यासाला वेगळी खोली नाही. एकाच खोलीत दूरचित्रवाणी चालू, वडिलांचा फोन चालू, आणि मुलाला मात्र ‘अभ्यास कर’ म्हणून आज्ञा! मुलाने ती का मानावी?

सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ गावातील सर्व दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद ठेवायचे, अशी ती कल्पना. पुरुषमंडळी आरंभी हसली. तेव्हा महिलांना एकत्र बोलावण्यात आले, आणि आपण मालिका फारच पाहतो याची कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून देवळावर बसवलेला भोंगा रोज सात वाजता वाजू लागला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावीत. साडेआठला दुसरा भोंगा होई आणि ज्याला जे पाहायचे ते पाहायला तो मोकळा होई.

मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या भोंगा वाजला तो माणसांना कामावर बोलावण्यासाठी. वडगावचा भोंगा हात थांबवण्यासाठी वाजला. त्याची वेळही मोठी सूचक होती. सात म्हणजे दिवेलागण. देवापाशी दिवा लागे, मुले शुभंकरोती म्हणून पाढे-परवचा म्हणायला बसत, आणि त्या वेळी कुणी झोपू नये, कुणी भांडू नये असा घरोघरी दंडक असे. दिवसाचे काम आणि रात्रीचे जेवण यांच्यामधली ती सांधणारी घटका होती. तिच्यावर पुढे मालिकांनी आणि मग फोनने ताबा मिळवला. गावाने हरवलेली ती घटका परत मागितली, असेही म्हणता येईल.

या उपक्रमाची बातमी देशाबाहेरही गेली. तिचे कौतुक बहुधा ‘शिस्त’ या शब्दाने झाले. ते अपुरे वाटते. एकट्या माणसाने ‘संध्याकाळी फोन बघणार नाही’ असे ठरवले की त्याच्या मनातला तो ‘कदाचित’ आणखी मोठा होतो. गटावर काही तरी चर्चा चालू असेल. सारे बोलत असतील आणि आपणच नसू. वडगावात भोंगा झाल्यावर गल्लीतील कुणीच काही पाठवत नाही, हे गल्लीतील प्रत्येकाला ठाऊक असे. पाहण्यासारखे काही आलेलेच नसणार. मग न पाहण्यासाठी मनाला कुस्ती खेळावी लागत नाही. शिवाय हे बंधन दीड तासाचे होते, जन्माचे नव्हते, आणि ते मोठ्यांनाही तितकेच लागू होते. बापाचा फोन फळीवर गेल्यावाचून पोराचा दप्तराकडे हात जात नाही, एवढे व्यवहारज्ञान त्यात होते.

जपानमधील आइची प्रांतातल्या तोयोआके शहरानेही २०२५ मध्ये, काम व अभ्यास वगळता पडद्यापुढील वेळ दिवसाला दोन तासांपर्यंत ठेवावा, असा स्थानिक नियम केला; त्यातही दंडाची तरतूद नाही. शहर म्हटले की असे नियम कागदावरच राहण्याचा संभव अधिक. भोंगा जेथवर ऐकू येतो तेथवरच एकमेकांची लाज आणि एकमेकांचा आधार पोहोचतो.

काउंटरपलीकडचा प्रश्न

बँकेच्या व्यवहारातून तर विलंब जवळजवळ हद्दपारच झाला आहे, आणि त्याचे श्रेय योग्यच आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय आणले आणि पाहता पाहता शहाळेवाल्याच्या गाडीवरही चौकोनी कोड झळकू लागला. सुट्ट्या पैशांची वादावादी संपली. परंतु ज्या अंगठ्याला आलेल्या प्रत्येक सूचनेला तत्काळ प्रतिसाद देण्याची सवय जडली आहे, त्याच अंगठ्याच्या टोकाला आता आयुष्यभराची बचत बांधलेली आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो, हे निवांतपणी विचारले तर बहुतेक ग्राहक बरोबर सांगतात. फसवणूक होते त्या क्षणी त्यांना ते ठाऊक नसते असे नाही. तो क्षण त्यांना मिळतच नाही. दोन व्यक्तींमधील ‘पैसे मागण्याची विनंती’ ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती याच कारणाने.

‘डिजिटल अटक’ या नावाने चालणारा ठकबाजीचा प्रकार तर पूर्णतः याच सवयीवर उभा आहे. आपण पोलीस किंवा तपास यंत्रणेचे अधिकारी आहोत, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे व्हिडिओ कॉलवरून सांगितले जाते. पुढची आज्ञा ठरलेली असते: फोन बंद करायचा नाही, कॅमेऱ्यापुढून हलायचे नाही, घरात कुणाशी बोलायचे नाही. भारतीय कायद्यात अशी अटक कोठेही नाही. तरीही शिकलेसवरलेले, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले लोक तासन्‌तास, क्वचित दिवसचे दिवस, त्या पडद्यासमोर बसून राहिले आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या संकटावर तीन पायऱ्या सांगितल्या, त्यांतील पहिली ‘थांबा’ ही होती. विचार आणि कृती त्यानंतर. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे मात्र थांबू नये. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात.

असा ग्राहक पुष्कळदा शाखेत येतो, कारण मुदत ठेव मोडल्याखेरीज एवढी रक्कम उभी राहत नाही. देशातील निरनिराळ्या बँकांच्या शाखांमध्ये कर्मचाऱ्यांनी अशा ज्येष्ठांना ऐन वेळी सावध केल्याच्या बातम्या आल्या आहेत, आणि त्यांतील प्रसंग बहुधा एकसारखाच असतो. वयस्क गृहस्थ घाईत असतात. ठेवीची पावती हातात, बोटे किंचित कापत असतात. सदऱ्याच्या खिशात फोन चालूच असतो, पलीकडचा सारे ऐकत असतो. कारण विचारले तर ‘घराचे काम काढले आहे’ असे पढवलेले उत्तर येते. ज्या कर्मचाऱ्याचे स्वतःचे लक्ष टेबलावरच्या आपल्या फोनमध्ये असेल, त्याला यातले काहीही दिसणार नाही. तो अर्ज घेईल, सही ताडून पाहील, रक्कम वर्ग करील. नियमाने त्याची चूकही ठरणार नाही.

दुसरा कुणी मान वर करून पाहतो. वर्षानुवर्षे पेन्शनच्या दिवशी येऊन दोन शब्द बोलून जाणारे हे काका आज नजरेला नजर देत नाहीत, एवढे त्याच्या लक्षात येते. तो अर्ज बाजूला ठेवतो, उठून काउंटरच्या बाहेर येतो, त्यांना शाखाधिकाऱ्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसवतो, पाण्याचा पेला पुढे करतो. एका कोऱ्या स्लिपवर पेनाने लिहितो, ‘काका, फोनवर कोण आहे?’ आणि ती स्लिप आवाज न करता त्यांच्यापुढे सरकवतो.